पेडलची किंमत नेमकी कशाची?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बिल फिनेगन यांनी १९९४ साली क्लॉन सेंटॉर नावाचं गिटारचं ओव्हरड्राईव्ह पेडल विक्रीला आणलं. पुढची पंधराएक वर्षं हे पेडल हातानं जोडून विकलं जात होतं आणि त्या काळात साधारण आठ हजार नग बनले. नवं असताना ते साडेतीनशे डॉलरच्या आत मिळे. आज त्याच जुन्या नगासाठी गिटारवादक कित्येक हजार डॉलर मोजतात. सर्किट कुणाला वाचता येऊ नये म्हणून फिनेगन यांनी त्यावर इपॉक्सीचा थर ओतला होता. तरीही शेवटी कुणीतरी तो थर खरवडून काढला, भागांची यादी आणि आराखडा जगभर पसरला आणि नकलांचं पीक आलं. २०१३ मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं ‘सोल फूड’ शंभर डॉलरच्या आत आलं, त्यामागून चिनी कंपन्यांची त्याहून स्वस्त पेडलं आली. त्यामुळे एकाच आराखड्याची, जवळपास त्याच मूल्यांच्या भागांची पेटी आज तीन-चार हजार रुपयांतही मिळते आणि तीन-चार लाखांतही. गिटार शिकणाऱ्या, बँड उभा करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी येणारा ‘बुटीक घ्यावं की बजेट’ हा प्रश्न या एका उदाहरणात पुरता मावतो.

बाजाराचे ढोबळ तीन थर आहेत. खाली जोयो, मूअर, डॉनर, बेरिंगर यांसारख्यांची तीन ते पाच हजारांची पेडलं. वर लहान कार्यशाळांतून येणारी, अनेकदा हातानं जोडलेली, भारतात पोहोचेपर्यंत वीस-तीस हजारांच्या घरात जाणारी बुटीक पेडलं. आणि मध्ये बॉस, एमएक्सआर, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, आयबानेझ या जुन्या कंपन्यांचा माल. चर्चा वरच्या आणि खालच्या थरातच रंगते, मधला थर विसरला जातो, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच होते. या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जास्त पैसे दिले की जास्त चांगला आवाज मिळतो. पुरावा पाहिला तर हे गृहीतक ओव्हरड्राईव्ह, डिस्टॉर्शन, बूस्ट यांसारख्या जुन्या अॅनालॉग पेडलांच्या बाबतीत टिकत नाही. जादा किंमत कशाची तरी असते, हे खरं. पण ती बहुतेक वेळा आवाजाची नसून टिकाऊपणाची, निवडीच्या श्रमांची, नव्या कल्पनेची किंवा निव्वळ दुर्मिळतेची असते. यातल्या कुठल्या गोष्टीची आपल्याला गरज आहे हे ठरवल्याशिवाय महाग-स्वस्त असा निवाडा करता येत नाही.

ट्यूब स्क्रीमरचंच सर्किट घेऊ, कारण जगातली पुष्कळ ओव्हरड्राईव्ह पेडलं कुठल्या ना कुठल्या नात्यानं त्याची वंशज आहेत. जपानच्या मॅक्सन कंपनीत सुसुमू तामुरा यांनी ते रचलं आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबानेझ टीएस-८०८ या नावानं ते बाजारात आलं. मधोमध जेआरसी ४५५८ ही साधी दुहेरी ऑप-अॅम्प चिप आहे. आजही ती काही रुपयांत मिळते. तिच्या फीडबॅकच्या वाटेत दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिग्नल ठरावीक पातळीपुढे गेला की ते वाहू लागतात आणि लाटेची टोकं हलकेच दाबली जातात. ४.७ किलोओहमचा एक रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मिळून असं ठरवतात की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज वरच्या स्वरांइतका वाढवला जाऊ नये. ड्रमकिट आणि बेस वाजत असताना गिटारचा सोलो मधून वर उठून येतो त्याचं रहस्य इतकंच. टीएस-८०८ आणि नंतरचं टीएस-९ यांच्यावरून किती मतभेद रंगवले गेले, पण दोन्ही आराखडे शेजारी ठेवले तर मुख्य फरक शेवटच्या टप्प्यातल्या दोन रोधांचा निघतो: एकात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. रोध कुठल्या कारखान्यातून आला, बोर्डावर तो हातानं बसवला की यंत्रानं, याची विजेला खबर नसते. तिला मूल्य कळतं. उलट एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांत पॉटचं, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रोधाचं मूल्य वीस टक्क्यांनी मागेपुढे असू शकतं, कारण त्या भागांची मान्य सहनमर्यादाच तेवढी असते. म्हणजे ‘ड्राईव्ह’चा नॉब दोन्हींवर बारा वाजताच्या खुणेला ठेवला तरी आवाज वेगळा येणार. पुष्कळांना ऐकू येणारा ‘बुटीकचा फरक’ नॉब थोडा फिरवला की नाहीसा होण्याजोगा असतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे कागदावर ठीक, पण हाताला फरक जाणवतो. जाणकार वादकाला महाग पेडल वेगळं ‘लागतं’. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठी मनाला तर तो फार जवळचा वाटेल, कारण मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी आपल्याला हेच शिकवलं आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा हात बदलला की तंबोरा बदलतो. पण तिथे भोपळा, लाकूड आणि घोडीचा पृष्ठभाग हेच आवाज निर्माण करतात. कारागीर कानानं ऐकत ऐकत त्या वस्तूचा आकार बदलत असतो. ओव्हरड्राईव्हच्या पेटीत तसं काही घडत नाही. सोल्डर नीट बसलेलं असेल तर ते सुंदर आहे की ओबडधोबड, याचा आवाजाशी संबंध नाही. आणि ऐकण्याची परीक्षा म्हणाल तर जिथे कारागिरीच सर्वस्व मानली जाते त्या व्हायोलिनच्या जगातले प्रयोगही सावध करणारे आहेत. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी २१ अनुभवी वादकांना तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं ओळख लपवून वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वाधिक पसंतीचं व्हायोलिन नवं निघालं आणि सर्वांत कमी पसंतीचं एक स्ट्रॅडिव्हेरियस. वाद्यं मोजकी, वादक मोजके, म्हणून हा अंतिम निकाल म्हणता येणार नाही. पण नाव आणि किंमत माहीत असणं कानावर किती परिणाम करतं, एवढं त्यातून दिसतं. पेडलांच्या तुलनेत आणखी एक सापळा असतो, तो आवाजाच्या पातळीचा. दोनपैकी एक पेडल जरासं मोठं वाजलं तर कान त्यालाच ‘भरीव’ आणि ‘जिवंत’ ठरवतो. म्हणून दुकानात तुलना करताना आधी दोन्हींची पातळी नीट जुळवावी, मग कोणाला तरी मागे उभं करून पेडलं अदलून-बदलून लावायला सांगावी. या अटींखाली जो फरक उरेल तो खरा. मग त्यासाठी खुशाल पैसे द्यावेत.

जुन्या सर्किटांमध्ये एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलांचा. १९६६ मध्ये लंडनमधून आलेल्या फझ फेसमध्ये दोनच ट्रान्झिस्टर होते, सगळे भाग मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. इथे मात्र मूल्य छापील नसतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा लाभांक आणि गळती नगागणिक बदलते, त्यामुळे पिशवीभर ट्रान्झिस्टर मोजून त्यांतून जुळणारी जोडी शोधावी लागते. जोडी चुकली तर तेच सर्किट एका घरी मधाळ वाजतं आणि दुसऱ्या घरी घुसमटतं. कनेटिकटमधल्या अॅनालॉग मॅनसारख्या कार्यशाळांनी नाव मिळवलं त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे. हे श्रम खरे आहेत, ऐकू येतात आणि मोठ्या कारखान्याला परवडत नाहीत. फक्त आपल्याकडच्या वादकानं एक गोष्ट लक्षात ठेवावी: जर्मेनियम तापमानाला फार हळवं असतं. गरम झालं की गळती वाढते, बायस सरकतो आणि आवाज तुटू लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यात उघड्या मंचावर वाजवायचं असेल तर जर्मेनियमच्या नादी न लागता सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं फझ घ्यावं. ते स्वस्त असतं आणि उन्हाला बधत नाही.

डिले आणि रिव्हर्बकडे वळलं की हिशेब पुन्हा बदलतो, आणि इथे बुटीक या नावाची भुरळ थोडी खरवडून पाहावी लागते. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी २३९९ ही चिप कराओके यंत्रांतल्या प्रतिध्वनीसाठी बनली. आज ती स्वस्त डिलेमध्ये जशी असते तशीच ‘अॅनालॉगसारखा ऊबदार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक महागड्या डिलेमध्येही असते. पलीकडे, अॅलेसिस कंपनी काढणाऱ्या कीथ बार यांनी रचलेल्या एफव्ही-१ चिपवर अनेक लहान कार्यशाळांचे रिव्हर्ब चालतात. अॅनालॉग डिले-कोरसमधल्या जुन्या बकेट-ब्रिगेड चिपांचं उत्पादन जपानी कंपन्यांनी थांबवल्यावर त्यांच्या नव्या आवृत्त्या बनवणारी एक प्रमुख कंपनी कूलऑडिओ ठरली, आणि ती बेरिंगरच्याच उद्योगसमूहातली. म्हणजे ज्या बेरिंगरचं नाव घेताच बुटीकप्रेमी नाक मुरडतात त्याच घरची चिप त्यांच्या आवडत्या कोरसमध्ये असू शकते. चिप स्वस्त असण्यात वाईट काहीच नाही. तिच्याभोवतीचं गाळण, मॉड्युलेशन, नॉबची मांडणी यांत कल्पकता असेल तर त्या कल्पकतेचे पैसे घेणं रास्तच आहे. मात्र ज्यांनी स्वतःचे अल्गोरिदम लिहिले, त्यांची गोष्ट निराळी. स्ट्रायमन किंवा इव्हेंटाइडचा रिव्हर्ब आणि चार हजारांच्या पेटीतला रिव्हर्ब यांतलं अंतर नॉब फिरवून मिटत नाही. लांब शेपटीचा, खरखर न करता विरत जाणारा प्रतिध्वनी हवा असेल, सिंथसारखे वातावरण उभे करणारे आवाज हवे असतील, तर तिथे पैसा संशोधनाला जातो आणि तो मला वाया गेलेला वाटत नाही. माझा कौल असा की हातातली मोठी रक्कम ओव्हरड्राईव्हवर कधीच घालू नये, घालायचीच तर डिले-रिव्हर्बवर घालावी.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो बऱ्याच अंशी मान्य करायला हवा. स्वस्त पेडल बिघडतं ते बहुधा सर्किटमध्ये नव्हे, तर जिथे माणसाचा पाय आणि हात लागतो तिथे. फूटस्विच अडकतो, बोर्डावरच सोल्डर केलेला जॅक केबलच्या हिसक्यानं सैल होतो, नॉब करकरतो. बेरिंगरच्या जुन्या पेडलांची तर कवचंच प्लास्टिकची होती. खोलीत सराव करणाऱ्याला याचं विशेष काही नाही. पण आठवड्याला दोन कार्यक्रम वाजवणाऱ्याला मंचावर मुका झालेला स्विच परवडत नाही. मात्र टिकाऊपणा हवा म्हणून थेट बुटीकपर्यंत जायची गरज काय? बॉसचं डीएस-१ १९७८ पासून आणि एसडी-१ १९८१ पासून बनतं आहे, दोन्हींची पोलादी मजबुती जगभरच्या मंचांवर सिद्ध झाली आहे, आणि किंमत बुटीकच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. कर्ट कोबेननं डीएस-१ वापरलं. प्रिन्सच्या पेडलबोर्डवर मुख्यतः बॉसचीच पेडलं असत. ज्यांना काहीही विकत घेता आलं असतं त्यांची ही निवड होती. याच संदर्भात ‘ट्रू बायपास’चा गाजावाजाही तपासून घ्यावा. बंद असताना पेडल सिग्नलच्या वाटेत येत नाही ही गोष्ट चांगली वाटते, पण आठ-दहा पेडलं आणि दहा-बारा मीटर केबल झाली की केबलच्या कपॅसिटन्समुळे गिटारचा तलम वरचा आवाज मरतो. तिथे सुरुवातीलाच एक चांगला बफर लागतो, आणि बॉसच्या साध्या पेडलात तो आयताच असतो. खरखरीचंही असंच. पुष्कळदा दोष पेडलाचा नसतो, एकाच अडॅप्टरवर डिजिटल आणि अॅनालॉग पेडलं साखळीनं लावल्याचा असतो. पाच-सात हजारांचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घेतला तर स्वस्त पेडलांचा आख्खा बोर्ड शांत होतो. तो चमकत नाही, त्याचे फोटो कुणी टाकत नाही, म्हणून त्यावर खर्च करायला मन धजत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: स्वस्त पेडल म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यातून आलेल्या कल्पनेची चोरी. प्रश्न गुंतागुंतीचा आहे, कारण हे क्षेत्र उभंच एकमेकांची सर्किटं घेऊन राहिलं. मार्शलचा पहिला गाजलेला अॅम्प जेटीएम-४५ फेंडर बेसमनच्या आराखड्यावर बेतलेला होता. अॅनालॉग मॅनच्या ज्या ‘किंग ऑफ टोन’साठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत थांबतात, त्याचं मूळ मार्शलच्याच ब्लूजब्रेकर पेडलमध्ये आहे. बॉसचं एचएम-२ हे १९८३ ते १९९१ या काळात बनलेलं सामान्य किमतीचं पेडल. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड बँडनं त्याचे नॉब शेवटपर्यंत फिरवले आणि स्वीडिश डेथ मेटलचा आवाज जन्मला. नंतर बुटीकवाल्यांनी त्याच्या महागड्या प्रती काढल्या. नक्कल नेहमी वरून खालीच येते असं नाही. म्हणून ‘बुटीक म्हणजे अस्सल, बजेट म्हणजे चोर’ ही विभागणी मला खोटी वाटते. तरी सगळं सारखंच, असंही नाही. चाळीस वर्षं जुनं, पेटंटच्या मुदतीपलीकडचं सर्किट कुणीही वापरावं. तो आता सार्वजनिक वारसा आहे. रूप आणि नाव उचलणं मात्र वेगळं. बॉससारखी हुबेहूब पेडलं काढल्याबद्दल बॉसची मूळ कंपनी रोलंडनं २००५ मध्ये बेरिंगरवर दावा लावला आणि बेरिंगरला पुढे कवचांची ठेवण बदलावी लागली. २०२४ मध्ये फिनेगन यांच्या क्लॉन कंपनीनंही नाव आणि रूपाच्या नकलेवरून बेरिंगरवर दावा केला. कायद्याच्या पलीकडेही एक रेघ आहे. एखादा एकटा कारागीर आज जे नवं पेडल विकून पोट भरतो आहे त्याचीच हुबेहूब स्वस्त प्रत घेणं टाळावं, कारण ती घेतली तर पुढची कल्पना सुचणारा माणूसच या धंद्यात उरणार नाही.

उरला पुन्हा विकण्याचा मुद्दा. बुटीक पेडलाची किंमत टिकते म्हणून ते गुंतवणूकच आहे, असं सांगितलं जातं. जिथे जुन्या पेडलांचे खरेदीदार भरपूर आहेत तिथे हे थोडंफार खरं असेल. पण सेंटॉरसारखी भाववाढ हा अपवाद आहे, आणि अपवादावर कुणी घरखर्चाचे पैसे लावू नयेत. आपल्याकडच्या खरेदीदाराचं गणित आणखी एका बाजूनं वेगळं आहे. परदेशी बुटीक पेडलाच्या किमतीत कुरियर, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, म्हणजे बनवणाऱ्याच्या कौशल्याला न जाणारा पैसा बराच असतो. त्या पेडलाचं मोठं मोल म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतः दिलेली दुरुस्तीची हमी. पण पेडल समुद्रापार पाठवायचा आणि परत आणायचा खर्च पाहिला की ती हमी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याऐवजी ज्याचा बोर्ड मोकळा आहे, भाग मोठे आणि ओळखीचे आहेत असं पेडल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांनी कुणीही चांगला तंत्रज्ञ दुरुस्त करू शकतो. आणि बुटीक म्हणजे परदेशीच असंही आता राहिलेलं नाही. मुंबईचं अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन स्वतःच्या आराखड्यांची पेडलं इथे बनवतं आणि ती परदेशातही वाजतात. बनवणारा आपल्याच शहरात असेल, बिघाड झाल्यावर त्याच्याशी बोलता येत असेल, तर बुटीकची जादा किंमत पहिल्यांदा पूर्णपणे आपल्या पदरात पडते.

म्हणून पहिला पेडलबोर्ड जमवणाऱ्यानं ओव्हरड्राईव्ह आणि डिस्टॉर्शन मधल्या थरातलं, जमलं तर वापरलेलं घ्यावं, ट्यूनर आणि बूस्ट स्वस्तातलं चालेल, पॉवर सप्लायवर कंजुषी करू नये, आणि डिले किंवा रिव्हर्बसाठी पैसे साठवावेत. बुटीक पेडल घ्यायचंच असेल तर ते जुन्या सर्किटची सुबक प्रत नसावं, बाजारात दुसऱ्या कुणाकडे नसलेला आवाज देणारं असावं. आणि शक्य असेल तेव्हा तो पैसा इथे बसून सोल्डरिंग करणाऱ्या हातांना द्यावा.